नाव कटल्याशिवाय भत्ता नाही

माणूस बेकार आहे हे ओळखायचं कसं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. मला तो पगार घेऊन पडत असे. कामगार विम्याच्या एका शाखेत मी उभी हयात कारकुनी केली आणि शेवटची काही वर्षं साहेबांनी मला बेकारी भत्त्याच्या खिडकीवर बसवलं. शिक्षा म्हणूनच. मी मीटिंगमध्ये फार बोलते असं त्यांचं मत होतं. या खिडकीवर बोलायला माणसं भरपूर होती आणि बोलण्याचा उपयोग काहीच नव्हता, त्यामुळे साहेबांची निवड अचूक होती असंच म्हणावं लागेल.

आता नागपूरला प्रताप नगरात घरी बसले आहे. शेजारीण विचारते, "मॅडम, तुम्ही ऑफिसात नेमकं काय करत होत्या?" मी सांगते, "ज्यांची नोकरी गेली त्यांना ती गेल्याचं सिद्ध करायला लावत होते." ती हसते. तिला वाटतं मी गंमत करतेय.

बाहेरच्यांसाठी जरा उलगडून सांगते. कारखान्यात, दुकानात, कंत्राटावर राबणाऱ्याच्या पगारातून दर महिन्याला विम्याचे थोडे पैसे कापले जातात, मालकही आपला वाटा घालतो. त्या बदल्यात दवाखाना मिळतो, आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो, आणि नोकरी गेलीच तर काही महिने साधारण निम्मा पगार भत्ता म्हणून मिळतो. आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा बेकार व्हायचं असेल तर ते ज्याच्या त्याच्या हिमतीवर. अर्ज कॉम्प्युटरवर करायचा, प्रतिज्ञापत्र करून आणायचं, आधार आणि पासबुक जोडायचं. इथवर सोपं आहे. घोडं अडतं ते पुढे. तुम्ही बेकार आहात हे तुम्ही सांगून चालत नाही, ते तुमच्या मालकाने सांगावं लागतं. कोण किती दिवस कामावर होता हे त्याने दरमहा सिस्टिममध्ये भरायचं, आणि कोणाचं काम सुटलं असेल तर तसं नोंदवून शेवटची तारीख टाकायची. ती तारीख पडली नाही तर माणूस आमच्या लेखी कामावर.

"मॅडम, मी तुमच्या पुढ्यात उभा आहो ना? कामावर असतो तं भर दुपारी इथ काय करून राहिलो असतो?" असं एका वॉचमनने मला विचारलं होतं. प्रश्न बिनतोड होता. मी सिस्टिमकडे बोट दाखवलं. सरकारी नोकरीत बोट दाखवायला जवळ काहीतरी असावं लागतं. पूर्वी ते साहेबांकडे दाखवावं लागे आणि त्यात धोका होता.

एक साड्यांच्या दुकानातला सेल्समन आठवतो. अतिशय गोड बोलणारा, पदर उलगडून दाखवावा तसा अर्जाचा कागद माझ्यासमोर पसरायचा. नोकरी गेल्याचं त्याने घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा, तिथेच जेवायचा आणि संध्याकाळी दमून घरी जायचा. आमच्या शिपायापेक्षा त्याची हजेरी चांगली होती. त्याचा भत्ता मंजूर झाला आणि मंजुरीचा मेसेज गेला बायकोच्या मोबाइलवर, कारण आधारला तिचाच नंबर जोडलेला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. आता मजा येणार म्हणून आम्ही सगळे माना वर करून बसलो. ती त्याच्या शेजारी बसली, त्याचा डबा उघडला, दोघं जेवले. जाताना एवढंच म्हणाली, "उद्यापासून घरी जेवा, भाजी थंडी होते." मला माझ्याच उत्सुकतेची लाज वाटली.

पण मला सांगायचं आहे ते देवानंद गजभियेचं.

देवानंद कोराडीचा. तिथल्या वीज केंद्रातली राख पाण्यात कालवून पाइपांमधून लांबच्या तळ्यात सोडतात. त्या पाइपांची देखभाल करायचं कंत्राट एका बाहेरगावच्या ठेकेदाराकडे होतं आणि देवानंद त्याच्याकडे कामाला. कंत्राट संपलं, नवं निघायला वेळ होता, सगळी माणसं घरी बसली. देवानंद माझ्या खिडकीवर आला तो बायकोच्या मागोमाग. बायको वनिता पुढे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सगळी कागदपत्रं. मागे देवानंद, फोटो काढायला उभं केल्यासारखा.

मी त्याचा नंबर टाकला. पडद्यावर आलं, 'बिनपगारी रजा'.

"हे तर रजेवर आहेत," मी म्हटलं.

"कोन रजेवर?" वनिता म्हणाली. "मॅडम, ठेका बंद झाला तवापासून हे घरी बसून राहिले. पंखा पाहून राहिले दिवसभर. रजेवर असते तं मी यायले इथपर्यंत कायले ओढून आनलं असतं?"

मला शंका आली म्हणून मी त्या ठेकेदाराची बाकीची माणसं पाहिली. सगळी पाळीच बिनपगारी रजेवर होती. एका दिवशी, एकाच वेळी, राख सोडून सगळे हवापालटाला गेल्यासारखे. सिस्टिमने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. कामगाराने अर्जात एक रकाना रिकामा सोडला तर ती लाल होते, मालकाने अख्खी पाळी रजेवर पाठवली तरी तिला काही वाटत नाही.

ही नोंद करणारा माणूस होता ठेकेदाराचा मुन्शी, पटले. हजेरी घेणं, पगार वाटणं, सिस्टिम भरणं, सगळं त्याच्याकडे. ठेकेदार वर्षातून कधीतरी गाडीतून यायचा, काच खाली करून पटलेशी बोलायचा आणि काच वर करून जायचा. मी पटलेला फोन करून बोलावून घेतलं. दोन दिवसांनी तो आला. पांढरा शर्ट, कानामागे पेन, आणि चेहऱ्यावर असा भाव की मी त्याला सत्काराला बोलावलं आहे. वनिता आणि देवानंदही हजर होते.

"पटले, यांची काम सुटल्याची तारीख का टाकली नाही?"

"कशी टाकू मॅडम? नाव कटून जाईन ना त्याचं!"

"कटायलाच हवं. कंत्राट संपलं."

"ठेका संपला, मानूस थोडी संपला? मॅडम, तुमाले बाहेरचं नाई समजत. आपन एका मानसाचं नाव नाई कटू दिलं आजवर. कोनालेई विचारा कोराडीत. पटलेच्या हातानं कोनाचं नाव कटत नाई."

मग त्याने मला जे समजावलं ते खोटं नव्हतं, हे आधीच कबूल करते. कंत्राट संपतं, काही दिवसांनी नवं निघतं, आणि बऱ्याच वेळा ते फिरून त्याच ठेकेदाराला किंवा त्याच्या मेव्हण्याला मिळतं. ज्याचं नाव हजेरीत जिवंत आहे तो पहिल्या दिवशी गेटमधून आत जातो. ज्याचं नाव कटलं त्याने पुन्हा फोटो द्यायचे, पोलिसांचा दाखला आणायचा, डॉक्टरकडून तपासून घ्यायचं आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. म्हणून नाव कटणं म्हणजे तिथे मोठी नामुष्की. वस्तीत सांगतानाही आवाज खाली करून सांगायचे, 'बिचारा कटला.' कंत्राटाच्या शेवटच्या दिवशी माणसं पटलेकडे जायची, नाव राहू द्या म्हणायची. कोणी तुरीची डाळ न्यायचं, कोणी वांगी, एखादा कोंबडा. पैसे पटलेने कधी घेतले नाहीत. त्याला त्यातलं देवपण हवं होतं, आणि ते त्याला पोटभर मिळत होतं.

"म्हणजे तुमच्या मेहरबानीमुळे यांना भत्ता मिळत नाही," मी म्हटलं.

"भत्ता तीन महिन्याचा, मॅडम. नाव जनमभराचं."

आणि इतका वेळ भिंतीला टेकून उभा असलेला देवानंद पहिल्यांदा बोलला, "बरोबर आहे मॅडम. नाव नका कटू. भत्त्याचं असंच पाहून घ्या ना काई."

म्हणजे गृहस्थाला बेकारीचा भत्ता हवा होता, पण बेकार व्हायचं नव्हतं. मी डोक्याला हात लावला. वनिताने हात लावला नाही, तिने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि नवऱ्याकडे वळली.

"नाव खाता का तुमी? पोरगी दहावीत आहे. खोलीचं भाडं थकलं तं मालक सामान बाहेर काढन. मंग जायचं कुठ? माह्या भावाच्या घरी, पारशिवनीले? भावजय मले एका भाकरीसाठी दोन गोष्टी ऐकवन, ते मी ऐकून घेईन. पन पोरीची शाळा मी परीक्षेच्या तोंडावर सोडनार नाई. सांगून ठेवतो!"

"वनिता, तुले नाई समजत वं," पटले मध्ये पडला. "ठेका पुढच्या महिन्यात निघून राहिला. पक्की खबर आहे."

"मुन्शीजी, हे तुमी दिवाळीतई म्हनलं होतं."

खिडकीमागच्या रांगेतले लोक आता आपापले प्रश्न विसरून पुढे सरकले होते. माझा स्वभाव मध्ये पडायचा नाही, तो मध्ये बोलायचा आहे. मी म्हटलं, "पटले, तारीख टाका. नाहीतर मी खोटी माहिती भरली म्हणून ठेकेदाराला नोटीस काढते, त्यात तुमच्या हाताचं कौतुक सविस्तर लिहिते." नोटिशीचं नाव काढल्यावर पटलेचा सत्काराचा भाव उतरला. त्याने देवानंदकडे पाहिलं. देवानंदने बायकोकडे पाहिलं. बायकोने कोणाकडेच पाहिलं नाही, ती कागद लावत होती.

पटलेने माझ्यासमोर बसून तारीख टाकली. शेवटचं बटण दाबताना त्याने डोळे मिटले होते, हे मी स्वतः पाहिलं. "माह्या हातानं पयलं नाव कटलं," असं म्हणून तो उठला आणि देवानंदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मले माफ कर गा देवा." देवानंदच्या डोळ्यांत पाणी होतं. एका नोंदीसाठी एवढा शोक मी त्या ऑफिसात कधी पाहिला नव्हता. आमचे साहेब निवृत्त झाले तेव्हाही नाही.

पाळीतल्या दुसऱ्या माणसांना मी पटलेमार्फतच निरोप दिला, की अर्जाला मुदत असते, या, मी तुमचंही करून देते. एकही आला नाही. उलट देवानंदला ते बसस्टॉपवर चिडवू लागले. 'कटेल', म्हणजे कटलेला, अशी हाक मारायचे त्याला.

देवानंदचा भत्ता मंजूर झाला, पडद्यावर 'रक्कम जमा' असं हिरव्या अक्षरांत आलं, आणि मी एक काम धड झाल्याच्या आनंदात चहा मागवला. तो प्यायच्या आत वनिता आली. पासबुकात काही नव्हतं. मी म्हटलं, येतील, बँकेला वेळ लागतो. आठवड्याने आली, तरी नाही. बँकेने तिला आमच्याकडे पाठवलं, आम्ही बँकेकडे पाठवलं. नागपूरच्या उन्हात ती कोराडीची बस धरून चारदा आली. पाचव्यांदा मात्र देवानंदला सोबत घेऊन, रांग मोडून थेट खिडकीत.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"खाल्ले असन तं खाल्ले. पन पचले का, तेवढं तं सांगा!"

रांग खो खो हसली. मलाही कुठेतरी हसू आलं, पण राग जास्त आला. आयुष्यभर एका पैशाला हात लावला नव्हता आणि आता भरल्या ऑफिसात हे ऐकायचं. मी खुर्ची मागे सारून उठले, त्या दोघांना घेऊन शेजारच्या बँकेत गेले आणि तिथल्या पोराला म्हटलं, याच्या आधारला कोणतं खातं जोडलंय ते काढून दे, तोवर मी इथून हलत नाही.

खातं निघालं, पण दुसऱ्याच कुठल्या मोबाइल कंपनीच्या बँकेतलं. देवानंदला ते आहे हे ठाऊकच नव्हतं. आठवून आठवून त्याने सांगितलं, की कोराडीच्या बसस्टॉपवर एक पोरगा छत्रीखाली बसून फुकट सिमकार्ड द्यायचा, त्याच्याकडून सिम घेतलं होतं.

"अंगठा किती वेळा घेतला त्याने?" मी विचारलं.

"दोनदा. म्हने पयला बरोबर नाई उमटला."

तो दुसरा अंगठा खात्याचा होता, आणि भत्ता पासबुक न बघता आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. सिम चालेना म्हणून देवानंदने ते कधीच फेकून दिलं होतं, आणि सरकारने त्याच्या बेकारीचे पैसे इमानदारीने त्या फेकलेल्या सिमच्या खात्यात भरले होते. सिस्टिम खोटं बोलत नव्हती, रक्कम जमाच होती. फक्त ती ज्याची होती त्याला सोडून सगळ्यांना ते माहीत होतं. नवं सिम त्याच नंबराचं काढून, पुन्हा अंगठे देऊन, ते पैसे वनिताच्या हातात पडेपर्यंत खोलीमालकाने एकदा त्यांचा पलंग बाहेर काढून ठेवला होता. पण भाडं दिलं गेलं आणि पलंग आत गेला. पोरीने दहावी कोराडीतच दिली. वनिता पेढे घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "पचतील ना हे?" ती म्हणाली, "तुमाले काईई पचते, मॅडम." आमचं तेवढ्यावर मिटलं.

त्यानंतर नवं कंत्राट निघालं. पटलेची पक्की खबर पहिल्यांदाच खरी ठरली, फक्त ठेका ना जुन्या ठेकेदाराला मिळाला ना त्याच्या मेव्हण्याला. कोणी तिसराच आला, आपली माणसं आणि आपली यंत्रं घेऊन. जुन्या ठेकेदाराने कोराडीतलं ऑफिस बंद केलं, पासवर्ड बदलला आणि कुठे दुसऱ्या राज्यात रस्त्याच्या कामाला निघून गेला. ज्यांची नावं जिवंत होती त्यांची नावं एका गेलेल्या ठेकेदाराकडे जिवंत राहिली. ते सगळे मग माझ्या खिडकीवर आले. दोघातिघांचं मी नोटिसा काढून कसंबसं केलं, बाकीच्यांची मुदत संपली होती. त्यांतला एक मला म्हणाला, "आमचं नाव कटलं नव्हतं मॅडम, तरी काहून नाई भेटत?" त्याला अजूनही वाटत होतं की हा त्याचा हक्क वाढवणारा मुद्दा आहे. देवानंदला खापरखेड्याला एका वर्कशॉपमध्ये काम लागलं होतं. त्याला कोणी 'कटेल' म्हणेनासं झालं.

माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना पटले आला. शर्ट पांढराच, पण इस्त्री नव्हती. रांगेत उभा राहिला, ओळख दाखवून पुढे आला नाही. खरं सांगते, त्याला लांबून पाहिल्यापासून मी मनात वाक्य घोळवत होते. या पटले, तीन महिन्यांचा भत्ता घेता का जन्मभराचं नाव, असं काहीतरी. इतक्या घरांचं याच्या चांगुलपणाने वाटोळं झालं होतं, एवढं सुनावायचा मला अधिकार होता असं मला वाटत होतं.

"मॅडम, आपलंई पाहून द्या. मालक फोन नाई उचलून राहिला."

मी आधार नंबर टाकला. काही आलं नाही. नाव टाकलं, वडिलांचं नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. ठेकेदाराची सगळी यादी उघडली. राखेवरचे, पाइपवरचे, झाडूवाल्या बायका, रात्रीचा चौकीदार, सगळे होते. पटले नव्हता.

"तुमचा विमा नंबर काय?"

"ते वरून होतं आपलं. मालक म्हने, पटलेजी, तुम तो घर के आदमी हो, तुम्हारा मैं ऊपर से करता हूँ।"

"पगार?"

"हातात देत. घरचा मानूस म्हून."

"इतकी वर्षं तुम्ही स्वतः ही यादी भरत होता. स्वतःचं नाव कधी पाहिलं नाही?"

"दुसऱ्यायचे पाहत होतो ना मॅडम. आपलं काहून पाहू?"

माझं घोळवलेलं वाक्य बाजूला राहिलं. त्याच्या जागी मला नियम सांगावा लागला, आणि नियम असा होता, की बेकार व्हायला आधी कामावर असावं लागतं. पटले कधी कामावरच नव्हता. मी त्याला सांगितलं, तक्रार करता येते, चौकशी होते, सोबतच्या माणसांनी साक्ष द्यावी लागते की हा इथे कामाला होता. तो म्हणाला, "ते कायले देतीन?" त्या माणसांचे चेहरे आम्हा दोघांनाही माहीत होते. त्या ठेकेदाराचा मला इतका संताप आला की टेबलावरचं पेन मी उगाच इकडून तिकडे ठेवलं.

पटले बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. त्याला माझ्या बाजूचा पडदा दिसतही नव्हता, त्याला मागची बाजू दिसत होती. रांगेतला कोणीतरी खाकरला. मग तो खिडकीत वाकला आणि हळू आवाजात, मागच्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

"म्हनजे कटलं तं नाई ना, मॅडम?"

तो थट्टा करत नव्हता.

"नाही, पटले," मी म्हटलं. "कटलं नाही."

त्याने मान हलवली, कानामागचं पेन नीट केलं आणि मागच्याला जागा दिली.